होम रनचा अबोला

जॉयलिन हौगेन आपलं भांडं न्यायला आली ती ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. मार्चमध्ये वेंडेलच्या बायकोच्या, आर्डिसच्या मातीनंतर चर्चच्या तळघरात जेवण झालं होतं आणि उरलेलं सगळं बायकांनी वेंडेलच्या फ्रीजमध्ये आणून कोंबलं होतं. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि तिच्यावर बाईचं नाव. वेंडेलने खाववलं तेवढं खाल्लं, बाकीचं टाकलं, भांडी धुतली आणि जेवणाच्या टेबलावर रचून ठेवली. अकरा भांडी. पाच महिने ती तिथेच होती. टेबलावर जागा नव्हती म्हणून तो सिंकपाशी उभ्यानेच जेवायचा. निदान स्वतःला तरी तो तसंच सांगायचा.

"माझं भांडं परत देतोस की आता ते तुझंच?" जॉयलिनने दारातच विचारलं.

"न्यायचं होतंस की."

"नेतेय ना. बघ, आले."

स्वयंपाकघरातला रेडिओ चालू होता. बेसबॉलचा दुपारचा सामना होता. निवेदक सांगत होता, पेटवे पुन्हा स्ट्राइक आउट, तीन चेंडू हुकवून बाद, आज दुसऱ्यांदा. वेंडेलने मान हलवली आणि आवाज थोडा कमी केला, बंद केला नाही.

जॉयलिनने ते पाहिलं. ती या गावातली यजमान घरं बघायची. लिंडन फॉल्समध्ये खालच्या लीगचा लहानसा संघ होता. कुठून कुठून आलेली विशी-बाविशीची पोरं उन्हाळाभर खेळायची आणि गावातली घरं एकेक पोरगा ठेवून घ्यायची. लवेल पेटवेला दोन वर्षांपूर्वी वेंडेल आणि आर्डिसच्या दारात आणून उभा केला तो जॉयलिननेच.

"ऐकतोस तर," ती म्हणाली.

"एकही सामना चुकवला नाही."

"आणि पोराचा फोन मात्र उचलत नाहीस."

वेंडेल भांड्यांच्या बुडावरची नावं वाचत राहिला. हौगेन सापडत नव्हतं.

"मला फोन आला होता त्याचा," जॉयलिन म्हणाली. "म्हणाला, मिस जॉयलिन, मिस्टर वेंडेल अजून माझ्यावर रागावलेत का?"

"रागावलो? कशाबद्दल?"

"मातीला आला नाही म्हणून."

"अगं, मीच त्याला येऊ नको म्हटलं!"

"कसं म्हटलंस?"

कसं म्हटलं ते वेंडेलला चांगलं आठवत होतं.

आर्डिस गेली तो गुरुवार होता. सकाळी कपडे वाळत घालायला मागे गेली आणि दोरीखालीच पडली. शनिवारी वरच्या, म्हणजे मेजर लीगमधल्या, संघाने आपली नावं जाहीर केली. त्यात लवेल पेटवेचं नाव होतं. आर्डिसने दोन उन्हाळे ज्याची वाट पाहिली ते नाव तिच्यामागून दोन दिवसांनी आलं. मंगळवारी माती होती आणि मंगळवारीच हंगामाचा पहिला सामना. सोमवारी लवेलचा फोन आला.

"मिस्टर वेंडेल, मी निघतोय. मॅनेजरना सांगितलंय. पहिला सामना गेला तर गेला."

"येऊ नकोस."

"पण मिस आर्डिसना..."

"आलास तर दार उघडणार नाही. कळलं?"

आणि त्याने फोन ठेवला. त्याच्या मनात एवढंच होतं की हा पोरगा आज इकडे आला तर त्याच्या जागी दुसरा उभा राहील, तो चार चेंडू बरे मारेल, आणि याची जागा जाईल. आर्डिसला ते खपलं नसतं. पण यातलं एक अक्षरही तो बोलला नव्हता. एकतीस वर्षं त्याने दुधाचा टँकर चालवला होता. टँकरमध्ये बोलायला कुणी नसतं. घरात बोलायचं काम आर्डिसचं होतं.

"तुझं भांडं निळ्या झाकणाचं ना?" त्याने विचारलं.

"हो. आणि वेंडेल, तो शंभर खेपांत सतरा फटक्यांच्या वर जात नाहीये. महिनाभरात हंगाम संपेल. पुढच्या वर्षी त्याला कोण ठेवेल?"

ती गेली. वेंडेलने रेडिओचा आवाज मोठा केला. सामना हरले होते.

*

लवेल अलाबामाचा. तिकडच्या रीतीने तो मोठ्या बाईला नावानिशी मिस म्हणायचा आणि पुरुषाला मिस्टर. विस्कॉन्सिनमध्ये असं कुणी म्हणत नाही. पहिल्या दिवशी त्याने "मिस आर्डिस" म्हटलं तेव्हा ती हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिली.

"पन्नास वर्षांत मला कुणी मिस म्हटलं नाही," ती वेंडेलला म्हणाली. "शिक काही."

पोरगा बडबड्या होता. सकाळी उठला की बोलायला लागायचा. टोस्टशी बोलायचा, शेजाऱ्याच्या कुत्र्याशी बोलायचा. मैदानात बॅट घेऊन उभा राहिला की मागे बसलेल्या कॅचरशी बोलायचा. "तुमच्या गावात मासा बरा कुठे मिळतो? ताई आहे का तुला? तीही अशीच खाली बसते का दिवसभर?" कॅचर हसायचा, चिडायचा, तेवढ्यात चेंडू यायचा आणि लवेल तो मारायचा. अंपायर म्हणायचे, "पेटवे, खेळायला आलास की गप्पा मारायला?" तो म्हणायचा, "साहेब, मला दोन्ही एकदमच येतं." आर्डिस तिसऱ्या रांगेत बसायची. तिला ऐकू काही येत नसे, पण त्याचे ओठ हलताना दिसले की ती वेंडेलला कोपर मारायची. "बघ, सुरू झाला."

त्या उन्हाळ्यात त्याने पहिला होम रन मारला. चेंडू कुंपणापलीकडे पाण्याच्या टाकीजवळ पडला. लवेल सगळे बेस, म्हणजे चारही तळ, फिरून हसत परत आला, तर बाकावरचा एकही गडी त्याच्याकडे बघेना. कुणी बुटाची नाडी बांधतोय, कुणी आकाशात बघतोय. आर्डिस उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला.

"काय माणसं आहेत! पोराने एवढा मारला आणि एकाने पाठ थोपटली नाही!"

"अगं, थांब," वेंडेल म्हणाला. "पहिला आहे ना त्याचा. पहिल्याला अबोला धरतात. रीत आहे ती."

तेवढ्यात सगळे त्याच्यावर तुटून पडले, टोपी उडवली, डोक्यावर पाणी ओतलं. आर्डिस खाली बसली. मग सामना संपेपर्यंत त्या बाकाकडेच बघत राहिली. वेंडेलला तेव्हाच कळायला हवं होतं की हिच्या डोक्यात काहीतरी शिजतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवेल जिना उतरून आला. "गुड मॉर्निंग, मिस आर्डिस!"

आर्डिसने पॅनकेकची ताटली त्याच्यापुढे सरकवली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली.

"मिस आर्डिस? मिस्टर वेंडेल?"

वेंडेलला तिने आधीच दम भरला होता. त्याने वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं. लवेल एकदा हिच्याकडे बघतोय, एकदा त्याच्याकडे. "मी रात्री दार उघडं ठेवलं का? दूध संपवलं का?" वेंडेलने पानामागे ओठ दाबले, पण पान हलायला लागलं आणि तो फसकन हसला. मग आर्डिसने टेबलावर हात आपटला आणि ओरडली, "काय मारलास रे पोरा, काय मारलास!" आणि त्याला मिठी मारली.

मैदानात अबोला फक्त पहिल्या होम रनला असतो. आर्डिसने घरी तो प्रत्येकाला लावला. नियमही केला. जो आधी बोलेल किंवा हसेल त्याने भांडी घासायची. दोन उन्हाळ्यांत लवेलने तीसेक होम रन मारले. भांडी प्रत्येक वेळी वेंडेलनेच घासली. आर्डिस दहा दहा मिनिटं दगडासारखी बसायची. वेंडेल दोन मिनिटं टिकला तर खूप. एकदा तर लवेल जिन्यावर असतानाच त्याला हसू आलं होतं.

*

जॉयलिन येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वेंडेलने फोन टेबलावर, भांड्यांच्या पलीकडे ठेवला आणि पाच महिन्यांचे निरोप ऐकले. तेवीस होते.

पहिला एप्रिलचा. "मिस्टर वेंडेल, लवेल बोलतोय. आज पहिला फटका लागला. म्हणजे पिचरच्या बुटाला लागून गेला, पण लागलाच म्हणायचा. त्यांनी चेंडू काढून दिलाय मला. आईला द्यायचा असतो. आईला विचारलं, ती म्हणाली हा मिस आर्डिसचा. ठेवलाय मी."

मग मे महिन्याचे. "ते म्हणतात हात खाली घे. घेतले. आता म्हणतात वर घे." "आज बसवलं मला." जूनमध्ये, "खाली पाठवलं, मिस्टर वेंडेल. तुम्ही ऐकलंच असेल." निरोप आखूड होत गेले होते. "लवेल बोलतोय. बाकी काही नाही." शेवटचा ऑगस्टमधला, त्याला पुन्हा वर बोलावलं त्या दिवसाचा. त्यात नुसता श्वास होता आणि शेवटी एक शब्द. "बरं."

वेंडेलने फोन पालथा ठेवला. फोन न उचलण्याचं कारण त्याला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. गावात सगळे आर्डिस म्हणायचे, नाहीतर आडनावाने टॉरगर्सनबाई म्हणायचे. मिस आर्डिस म्हणणारा एकच होता. ते शब्द पुन्हा कानावर पडले तर आपण उभे राहू शकू की नाही याची त्याला खात्री नव्हती. एवढंच होतं.

आता त्याला आणखी एक गोष्ट कळली. टीव्हीवर तो लवेलला बघायचा तेव्हा काहीतरी खटकायचं. जाणकार सांगत, हात उशिरा येतो, पाय आधी पडतो. वेंडेलला त्यातलं काही कळत नव्हतं. पण पोराचं तोंड बंद होतं. बॅट घेऊन उभा राहायचा आणि मागच्या कॅचरकडे ढुंकून बघायचा नाही. जबडा घट्ट.

त्याने जॉयलिनला फोन केला. "बुधवारी दुपारी सामना आहे. तिकीट मिळेल का?"

"कुठलं हवं?"

"समोरच्या बाजूचं. त्यांचा बाक दिसायला हवा."

*

ट्रकने दोन तास. आधी भेटून घ्यायचं असं त्याने ठरवलं होतं. कठड्यापाशी जाऊन उभाही राहिला, पण लवेल आत सराव करत होता आणि पहारेकरी म्हणाला, "आजोबा, सही पाहिजे तर सामन्यानंतर फाटकापाशी या." सही नकोय मला, असं म्हणावंसं वाटलं, पण मग काय हवंय ते सांगावं लागलं असतं.

पहिल्या खेपेला लवेल तीन चेंडूंत बाद. दुसऱ्या खेपेला शेवटचा चेंडू मधोमध आला आणि तो नुसता बघत राहिला. वेंडेलच्या मागे एक जाडसर माणूस शेंगदाणे खात होता.

"कोण खेळवतं याला?"

वेंडेल वळला. "दोन उन्हाळे माझ्या घरी जेवलाय तो."

"मग जरा पोटभर घालायचं होतंत."

"घालत होती बायको."

माणसाने त्याच्याकडे बघितलं आणि शेंगदाण्यांची पिशवी पुढे केली. वेंडेलने दोन घेतले.

सातव्या इनिंगमध्ये संघ पाच धावांनी मागे होता. निम्मे लोक उठून गेले होते. लवेल आला. पहिला चेंडू सोडला. दुसरा त्याने उचलला, उजव्या कोपऱ्याकडे, आणि चेंडू इतका कडेने गेला की सगळे मान वाकडी करून बघत राहिले. हद्दीच्या पिवळ्या खांबाला घासून आत पडला. अंपायरने हात फिरवला. होम रन. मेजर लीगमधला पहिला.

"काय घालत होती हो बायको?" मागचा माणूस उभा राहून ओरडला.

"पॅनकेक!" वेंडेलही उभा होता. त्याला दिसत नव्हतं नीट.

लवेल तळ फिरून आला, पायऱ्या उतरला. बाकावर कुणी हललं नाही. एक जण नखं बघत होता, एक जण पाणी पीत होता. अशा वेळी नवखे पोरगे हसतात, हवेतच टाळ्या देत जातात. लवेल थेट टोकाला जाऊन बसला. हेल्मेट डोक्यावर तसंच, हात गुडघ्यांवर. दवाखान्यात नाव पुकारायची वाट बघत बसावं तसा. मग सगळे त्याच्यावर धावले आणि तो हसला, हसला म्हणजे दात दिसले.

वेंडेलने ते पाहिलं आणि तरी त्याला कळलं नाही. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. आर्डिस नाही, तर आता हे मला करायला हवं. बाहेर पडताना त्याने वर्तमानपत्र विकत घेतलं.

सामना हरलेच. खेळाडूंच्या फाटकाबाहेर बायका-पोरं उभी होती. वेंडेल एका खांबाला टेकून उभा राहिला आणि लवेल पिशवी घेऊन बाहेर येताना दिसला तसं त्याने वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. हवामानाचं पान होतं.

पावलं जवळ आली. थांबली.

"मिस्टर वेंडेल?"

वेंडेल हवामान वाचत राहिला. उद्या ढगाळ.

"तुम्ही कधी आलात? मला कुणी सांगितलं नाही." मग थोड्या वेळाने, "मिस्टर वेंडेल, मी तुम्हाला फोन केले होते."

वेंडेलने ओठ दाबले. या वेळी तो टिकणार होता. आर्डिससाठी एकदा तरी टिकणार होता. पान थरथरायला लागलं होतं. आता हसेल पोरगा, आता हसेल.

"बरं," लवेल म्हणाला.

आणि पावलं दूर जायला लागली.

तो शब्द वेंडेलने आठवड्यापूर्वी फोनवर ऐकला होता. त्याने पान खाली केलं. लवेल वीसेक पावलांवर होता, पिशवी खांद्यावर, मान खाली, गाड्यांकडे निघालेला. पाच महिने ज्याच्याशी आपण एक शब्द बोललो नाही त्याच्यासमोर आपण आज अबोल्याचा खेळ मांडला. हा खेळ आहे हे त्याला कसं कळणार होतं?

"भांडी माझ्याकडे!" वेंडेल ओरडला.

लोक वळून बघायला लागले. एक लहान मुलगी आईला बिलगली.

"लवेल! हरलो मी! भांडी मी घासतो!"

लवेल थांबला, पण वळला नाही. वेंडेल त्याच्याकडे निघाला. गुडघा दुखत होता आणि जे बोलायचं होतं ते चालता चालताच बोलावं लागत होतं, कारण थांबला असता तर बोलताच आलं नसतं.

"मी चुकलो रे पोरा. तू यायला हवा होतास. मला वाटलं तुझी जागा जाईल. पण तू हवा होतास मला तिथे. शवपेटी उचलायला सहा जण लागतात. सहावा मी शेजाऱ्याला घेतला. तिला तो आवडायचासुद्धा नाही."

लवेल वळला. "तुम्ही रागावला नव्हतात?"

"तुझ्यावर? कधीच नाही."

"मग फोन का नाही उचललात?"

"तू मिस आर्डिस म्हणाला असतास."

लवेलने मनगटाने नाक पुसलं. मग म्हणाला, "एक मिनिटही टिकला नाहीत तुम्ही."

"टिकलो असतो. तू निघालास."

"मिस आर्डिस असत्या तर मला गाडीपर्यंत जाऊ दिलं असतं."

"घरापर्यंत," वेंडेल म्हणाला.

तेव्हा लवेल हसला, आणि मग बोलायला लागला. फाटकापासून ट्रकपर्यंत बोलला, ट्रकच्या खिडकीत वाकून बोलला, पहारेकरी फाटक लावायला आला तरी बोलत होता.

*

सोमवारी सुट्टी होती. लवेल लिंडन फॉल्सला आला. येताना एप्रिलमधला तो चेंडू आणला, त्याच्यावर बुटाचा काळा डाग होता. वेंडेलने पॅनकेक केले. एक बाजू करपली.

"मिस आर्डिस बघत असतील तर तोंड फिरवलं असेल त्यांनी," लवेल म्हणाला.

ते शब्द आले. वेंडेल सिंकपाशी पाठ करून उभा होता. त्याने कडा धरली. उभा राहिला. मग ताटल्या घासल्या.

खायला बसायचं म्हणजे टेबल रिकामं करावं लागलं होतं. दहा भांडी ट्रकमध्ये गेली. लवेल पुढच्या सीटवर ती मांडीवर घेऊन बसला आणि दोघांनी गावभर फिरून ज्याची त्याला परत केली. प्रत्येक दारात लवेल अर्धा तास बोलला. घरी यायला दुपार उलटून गेली.

हंगाम संपेपर्यंत त्याचे आकडे फारसे सुधारले नाहीत. शंभरात एकोणीसवर थांबला. पुढच्या वर्षी ठेवतील की खाली पाठवतील, कुणी काही सांगितलं नाही.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी वेंडेल टेबलाशी बसून जेवत होता. रेडिओ चालू होता. पेटवे स्ट्राइक आउट, निवेदक म्हणाला. आणि मग हसत म्हणाला, काय चाललंय काही कळत नाही, अंपायर पेटवेला काहीतरी सुनावतायत, आणि कॅचर तर हसतोय, मंडळी, पोट धरून हसतोय.

वेंडेलने शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे कोपर हलवलं आणि आवाज मोठा केला.